ॲटलासची शेपटी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खरं लिहायचं. वाचणारा मी एकटाच, तेव्हा लपवाछपवीचं कारण नाही.

सकाळी अनावरण झालं. झकास. आमच्या टॉवरचं नाव बिल्डरने ऑलिम्पस हाइट्स ठेवलं, गेटला चार ग्रीक खांब लावले, चाव्या दिल्या आणि गायब झाला. खांब पोकळ आहेत. एकात कबुतरं राहतात. नावाला साजेसं काहीतरी उभं राहिलं पाहिजे हे सोसायटीत फक्त मला कळलं, कारण ग्रीस पाहून आलेला मी एकटाच. आठ दिवसांची ग्रुप टूर, रोज जेवणात वरण-भात. सेक्रेटरी झाल्याबरोबर पहिलं काम हेच हातात घेतलं: मेन गेटशी ॲटलास. खांद्यावर जगाचा गोळा घेतलेला बलदंड पुरुष. मुलुंड पूर्वेत असा दुसरा नाही. चौथऱ्यावर फलक: 'संकल्पना: अनंत मोघे.'

हा भार वाहणं म्हणजे त्याला देवांनी केलेली शिक्षा होती, असं तिथल्या गाइडने सांगितलं होतं. भाषणात तो भाग गाळला. सणासुदीला कशाला?

मूर्तिकार राजेश, भांडुपचा. आयुष्यभर गणपतीच केले. अंग त्याने नेहमीसारखंच केलंय, लाकडी सांगाडा, काथ्या आणि प्लास्टर. टिकेल ना, असं विचारलं तर म्हणाला, साहेब, आमचा माल विसर्जनापर्यंत टिकला की झालं, पुढचं आजवर कोणी विचारलं नाही. विनयशील माणूस आहे. गोळा तो थर्माकोलचा करणार होता. मी म्हटलं, जग आहे ते, थर्माकोलचं कसं चालेल? सिमेंटचाच हवा. त्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी मूर्तीच्या पाठीमागून एक लोखंडी पाईप गोळ्यापर्यंत नेला. वर प्लास्टर चढवून थोडा बाक दिला. दिसतो बरा.

नग्नतेचा प्रश्न मीटिंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्या प्रेमाताईंनी काढला. त्यांचं भजनी मंडळ आहे. तडजोड म्हणून लंगोट. राजेशकडे लाल रंग शिल्लक होता.

मृणालिनीचं मत विचारलं. बायको म्हणून नव्हे, पब्लिक म्हणून. म्हणाली, अहो, छान आहे, पण हा उभा आहे की पडायच्या बेतात आहे? ग्रीक कला सगळ्यांना झेपत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

वॉकला जाताना पाहिलं. ॲटलासच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ आणि पायांवर तेल.

वॉचमन दत्तारामला बोलावलं. तो कुडाळकडचा, वडील परळला गिरणीत होते, हा आमच्या गेटवर. म्हणाला, सायबानू, लोकां मारुती म्हणतत. खांद्यार द्रोणागिरी हा ना.

त्याला शांतपणे सगळी ग्रीक पुराणकथा सांगितली. पूर्ण ऐकून घेतली त्याने. मग वळून मूर्तीला हात जोडले.

संकल्प: सोसायटीत ग्रीक संस्कृतीवर व्याख्यानमाला.

१९ ऑक्टोबर, रविवार

व्याख्यानमाला पुढे ढकलली. लोक फराळाच्या गडबडीत आहेत. त्याऐवजी बोर्ड लावला: 'हा मारुती नाही. ग्रीक वारसा. तेल वाहू नये.' सुवाच्य अक्षर, लॅमिनेशन.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बोर्डालाही हार घातलाय. बोर्डावर तेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

नवघर रोडपासून माणसं येतात. रांग लागते. सगळे नारळ चौथऱ्याच्या एकाच कोपऱ्यावर फोडतात. ठाक ठाक ठाक. घरात बसून ऐकू येतं. प्रत्येक नारळाला गोळा थोडासा हलतो असं मुकुल म्हणाला. मुकुल म्हणजे माझा मुलगा. ऐरोलीच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो आणि घरी येऊन गोळे हलताना बघतो.

मी मात्र सकारात्मक बाजू पाहिली. मुलुंडच्या जनतेला शिल्पकलेची एवढी भूक असेल असं मलाही वाटलं नव्हतं. ग्रीक वकिलातीला ई-मेल केला, फोटो जोडून, भेटीचं निमंत्रण दिलं. एका मिनिटात उत्तर आलं की आपला संदेश मिळाला, लवकरच संपर्क करू. एका मिनिटात! आपल्याकडच्या ऑफिसांनी शिकावं.

६ डिसेंबर, शनिवार

मूर्ती आता पूर्ण शेंदरी झाली. तेल आणि शेंदराची पुटं चढलीत. छातीवर एक भेग होती, ती दिसेनाशी झाली. शेंदूर हा उत्तम फिलर आहे, हे राजेशला कळवलं पाहिजे.

वास येतो. आंबूस, खोबऱ्यासारखा. दत्ताराम म्हणतो मूर्तीतून येतो. कसं शक्य आहे? कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडचा असणार. वारा फिरला की येतोच.

३ जानेवारी २०२६, शनिवार

नवीन वर्षाचे संकल्प: वॉक, कमी मीठ, बीपीची गोळी वेळेवर, रोजनिशी रोज.

वकिलातीला चौथा ई-मेल. पुन्हा तेच तत्पर उत्तर.

१० जानेवारी, शनिवार

आज डोक्यावरून पाणी गेलं. प्रेमाताईंनी मागच्या पाईपला लाल फडकं आणि घंटा बांधली. विचारलं तर म्हणाल्या, भाऊजी, शेपटीला बांधलीय. म्हणजे सगळ्या गैरसमजाचं मूळ तिथे आहे! लंगोट चालेल, शेंदूर चालेल, पण शेपटी? उद्या ग्रीक पाहुणे आले तर त्यांना काय सांगू? ॲटलासला शेपूट होतं म्हणून?

निर्णय: शेपटी जाणार.

१२ जानेवारी, सोमवार

राजेशला फोन केला, शिष्टाचार म्हणून. तो ओरडलाच. साहेब, ती शेपटी नाही, तो टेकू आहे. गोळ्याचं सगळं वजन त्याच्यावर आहे. हात लावू नका, पाया पडतो. कलाकाराचा अहंकार, दुसरं काय. आपल्या कामावर कोणी कात्री चालवली की यांना झोंबतं.

वेल्डरने अर्ध्या तासात पाईप कापला. कापताना आतून एकदा कडकन आवाज झाला. वेल्डर कटर टाकून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, मग हळूच येऊन सामान घेऊन गेला. बाकीचं उद्या करतो म्हणाला. बाकी काहीच नव्हतं.

आता बिनशेपटीचा, खरा ग्रीक ॲटलास. मागून पाहिलं तर डोळे भरून आले.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. सगळे झेंड्याऐवजी ॲटलासकडेच बघत होते. मुकुलने माझ्या कानात विचारलं, बाबा, हा पुढे झुकलाय का?

झुकलाय, पण ते मुद्दाम आहे. ग्रीक मूर्ती कधीच ताठ उभी नसते. वजन एका पायावर, कंबर थोडी बाहेर, खांदा तिरका. तिथल्या म्युझियममध्ये अशा शेकडो पाहिल्या. आपल्याकडचे पुढारी ताठ उभे असतात म्हणून लोकांना सवय नाही.

मुकुलने दोरीला कुलूप बांधलं, ओळंबा म्हणून मूर्तीच्या बाजूला धरलं आणि म्हणाला की बघा. मी बघितलं. कुलूपच वाकडं आहे. जुनं आहे ते, माळ्यावरच्या ट्रंकेचं.

७ फेब्रुवारी, शनिवार

नारळ थांबवायला उपाय सापडला. दत्तारामची खुर्ची गेटच्या केबिनमधून काढून चौथऱ्याला टेकून ठेवली, त्या फुटक्या कोपऱ्याजवळ. तिथे माणूस बसलेला असला की नारळ कोण फोडणार? साधं मानसशास्त्र.

दत्तारामने टोपी काढून हातात घेतली. सायबानू, ह्येच्या पोटात कायतरी वाजता. माका भंय वाटता. खुर्ची जरा बाजूक घेव काय?

मी म्हटलं, उंदीर असतील. खोबरं खायला येत असतील.

उंदरांचा आवाज तो नाही, असं म्हणाला. पण बसला. सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे. असे आता मिळत नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

नारळ बंद! आज मूर्तीजवळ कोणीही आलं नाही. लोकांनी लांबूनच, रस्त्याच्या पलीकडून, हात जोडले. कलाकृतीपासून आदराचं अंतर राखणं ही जाण यायला युरोपात शतकं लागली. मुलुंडला चार महिने.

तेल मात्र वाहतात. लांबून, पिचकारीने.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

लक्षात आलं की मेन गेटने हल्ली कोणीच जात नाही. सगळे मागच्या छोट्या गेटने जातात, कचऱ्याच्या डब्यांमधून. दिशालासुद्धा (नात, दुसरीत आहे) मृणालिनी तिकडूनच स्कूल बसला नेते. कधीपासून, विचारलं. म्हणाली, शेपटी कापली त्या दिवसापासून. मला कोणी सांगितलं नाही. मी म्हटलं, अगं, स्कूल बस मेन गेटला येते. म्हणाली, आता नाही येत. ड्रायव्हरच नाही म्हणाला.

म्हणजे मेन गेटने जाणारा आता मी एकटा. आणि बसणारा दत्ताराम.

जेवताना मृणालिनीने ताट बाजूला सारलं. म्हणाली, तुम्हाला जे करायचं ते करा, पण त्या माणसाला तिथून उठवा. त्याला दोन मुली आहेत. मी म्हटलं, उठवला की नारळ सुरू, नारळ सुरू झाले की मूर्तीला धक्का. म्हणजे दत्ताराम तिथे आहे म्हणूनच मूर्ती सुरक्षित आहे. यावर तिने माझंही ताट उचलून नेलं.

७ मार्च, शनिवार

डाव्या घोट्यापाशी प्लास्टर सोललं. आत काथ्या काळा पडलाय, ओला, त्यातून तेल ठिबकतं. मुंग्यांची रांग आत जाते. बाहेर येताना दिसत नाही.

ती जागा लॅमिनेट केलेल्या बोर्डाने झाकली. बोर्डाचा शेवटी उपयोग झाला.

कबुतरांनी खांब सोडला.

१५ मार्च, रविवार

स्पेशल मीटिंग. विषय एकच. मूर्ती उतरवायची, उद्याच्या उद्या. मुकुलनेच मांडला. पोटचा मुलगा! प्रेमाताई म्हणाल्या, असा कसा उतरवता, देव आहे, हनुमान जयंती होऊ दे, मग विधी करून विसर्जन करू. म्हणजे एका बाजूला मुलगा पाडायला निघालेला, दुसऱ्या बाजूला प्रेमाताई बुडवायला.

माझा तोल गेला. उभा राहिलो आणि म्हणालो, पडायचा असेल तर माझ्यावर पडू दे! दोन एप्रिलला, हनुमान जयंतीला, दिवसभर मी स्वतः त्या खुर्चीवर बसणार. दत्तारामला सुटी. सूर्य मावळेपर्यंत मूर्ती उभी राहिली तर ती कायम राहील, आणि हा विषय पुन्हा निघणार नाही.

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. मृणालिनी मागच्या रांगेतून म्हणाली, बसा.

तोपर्यंत दोरी लावून ठेवू, असं मुकुल म्हणाला. मी नकार दिला. ॲटलासला दावं बांधायचं? बैल आहे का तो?

२८ मार्च, शनिवार

काल खाली मूर्तीसमोर उभा राहून पाहिलं. चेहऱ्यावर इतकी पुटं आहेत की नाक-डोळे गेलेत. नुसता लाल गोळा, त्यावर दुसरा गोळा. तरी तो बघतोय असं वाटतं, आणि खुर्चीकडेच बघतोय. दत्ताराम खुर्चीच्या अगदी टोकावर बसतो, पावलं रस्त्याकडे वळवून. शाळेत घंटेची वाट बघताना मुलं बसतात तसा. कंबर दुखेल तुझी, नीट टेकून बस, असं त्याला सांगितलं.

टेकला.

१ एप्रिल, बुधवार

उद्याची तयारी. पाण्याची बाटली, छत्री, पेपर, ग्रीसच्या फोटोंचा अल्बम. दुपारी कोणी आलं तर दाखवता येईल. रोजनिशीही खालीच नेणार. मनात धाकधूक अजिबात नाही. जरा ॲसिडिटी आहे.

दिशाने विचारलं, आजोबा, तुम्ही खरंच त्याच्या खाली बसणार? म्हटलं, हो, आजोबा कोणाला घाबरतात का? म्हणाली, मग दत्तारामकाका का घाबरतात? ते रोज बसतात तरी.

मुलांना आपण टीव्ही फार बघू देतो.

२ एप्रिल, गुरुवार. हनुमान जयंती.

सकाळी ७.१०. सहालाच चहा घेतला, बीपीची गोळी घेतली. प्रेमाताईंचं मंडळ सूर्योदयालाच आलं. आज भीती मोडली लोकांची, म्हणाले वर्षातून एक दिवस, जय बजरंगबली. घागरींवर घागरी. इतकं पाणी मुलुंडला एका वेळी येतं हेच माहीत नव्हतं. पाण्याबरोबर शेंदूर वाहून गेटबाहेर रस्ता लाल झाला. मग सगळे मागच्या बाजूला, पोडियमवर, सुंठवडा खायला गेले.

८.३०. खुर्चीवर बसलो. दत्तारामला म्हटलं, आज तू मोकळा. लगेच हसला. इतक्या दिवसांत त्याला हसताना पाहिलंच नव्हतं. पण गेला नाही, केबिनपाशी उभा राहिला.

९.१५. उत्तम वाटतंय. सावली आहे.

९.४०. पाठीमागून पाणी ठिबकतं. मानेवर पडतं. कोमट आहे.

१०.०५. आवाज येतो. दत्ताराम म्हणत होता तो. उंदरांचा नाही. कोणीतरी आतल्या आत दात खावेत तसा. येतो, थांबतो, येतो. अल्बम उघडला, एकही फोटो दिसत नाही, डोळ्यांसमोर नुसतं लाल. वर बघायचं नाही असं ठरवलंय.

१०.२०. बघितलं.

१०.२५. खिडक्यांत माणसं उभी आहेत. मृणालिनी दिसली. मुकुल खाली आला आणि म्हणाला, बाबा, पुरे, उठा, तुम्ही जिंकलात, उठा. सगळ्यांसमोर. म्हटलं, सूर्य मावळेपर्यंत. तो रागाने दोरी आणायला बाजारात गेला.

१०.३५. भीती नव्हे. बीपीची गोळी राहिली आहे. या वयात गोळी चुकवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. खुर्ची रिकामी ठेवली तर खिडक्यांतल्यांना वाटेल मी पळालो. दत्तारामला हाक मारली, जरा बस, गोळी घेऊन आलोच. त्याने मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बसतंय मी सायबानू, तुमी सावकाश येवा, असं म्हणाला.

१०.५०. घरात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं नीट दिसतं. उलट इथून देखरेख जास्त चांगली होते. चहा केला. हा घेतला की जातो.

११.०५. अजून अर्धा कप.

२ एप्रिल, संध्याकाळ

पडला.

आवाज फार झाला नाही. ओलं गोणपाट पडावं तसा. आधी गोळा आला, मग बाकीचा नुसता खाली बसला. लाल धुरळा उडाला. धुरळा खाली बसल्यावर खुर्चीचा एकच पाय दिसत होता.

गोळा उचलायला आठ जण लागले. मुकुलच्या हातात ती दोरी तशीच होती. मी चौथ्या मजल्यावर कप धरून उभा. मृणालिनी माझ्या बाजूने धावत खाली गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फलक शाबूत आहे. माझं नाव स्पष्ट दिसतं.

हॉस्पिटलमध्ये गेलो. दत्तारामचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. डोकं वाचलं, कारण नीट टेकून न बसता तो पुन्हा टोकावर बसला होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, हे नशीब. त्याच्या दोन्ही मुली बाकड्यावर बसल्या होत्या. प्रेमाताई मोठीच्या पाठीवर हात फिरवत होत्या. मृणालिनी धाकटीला जवळ घेऊन बसली होती. मला कोणी बस म्हटलं नाही, म्हणून उभा राहिलो.

त्याच्यासाठी काय काय करायचं ते मनात ठरवत होतो. आत बोलावलं तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही. चेहऱ्यावर, भुवयांत, अजून शेंदूर होता. डोळे उघडले. मला बघून ओठ हलवले. मी वाकलो. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सायबानू, गोळी घेतलात मां, असं विचारलं त्याने.

मी हो म्हणालो. खोटं नाही बोललो. सकाळी सहालाच घेतली होती.